सही कोणत्या कागदावर झाली होती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते कळेल. तुमची मुलगी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला शिकायला आली आहे. ६ फेब्रुवारीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, वाइतांगी दिवस. त्या दिवशी तिनं बातम्यांत एकीकडे सोहळा आणि दुसरीकडे निषेधाचे फलक पाहिले, आणि घरी फोन करून याचा अर्थ विचारला. तुम्ही म्हणता, ‘१८४० साली माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, सरदारांनी ब्रिटिशांशी तह केला, सह्या केल्या, सार्वभौमत्व देऊन टाकलं. मग १८५ वर्षांनी भांडण कशाचं? आणि बाहेरून तिथे गेलेल्या आपल्या लोकांचा त्याच्याशी संबंध काय?’

मी दस्तऐवजांचं भाषांतर करते. पुण्यात ९ वर्षं आणि आता वेलिंग्टनमध्ये १९ वर्षं हेच काम: खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, कोर्टाचे निकाल. इतिहास मी शिकवत नाही. पण हा सगळा वाद ज्या कागदाभोवती फिरतो तो मुळात भाषांतराचा कागद आहे, आणि असे कागद कसे वाचायचे हे मला माझ्या कामानं शिकवलं आहे. तुमच्या प्रश्नातला ‘सार्वभौमत्व देऊन टाकलं’ हा भाग तहाच्या इंग्रजी मसुद्यातला आहे. ५००हून अधिक सरदारांनी या वाइतांगीच्या तहाला मान्यता दिली. त्यांतल्या फक्त ३९ जणांच्या खुणा इंग्रजी मजकुराखाली आहेत. बाकी सगळ्यांनी माओरी मजकुरावर सही केली. तेव्हा सही झाली हे कुणीच नाकारत नाही. ती कोणत्या मजकुरावर झाली आणि त्या दिवशी सही करणाऱ्याला त्याचा अर्थ काय कळला, यावर भांडण आहे.

माझी पद्धत कुठून आली ते आधी सांगते. पुण्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत एक आजी नवऱ्याच्या वेळचा स्टँपपेपर घेऊन आल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं ‘कायम खरेदीखत’. आजींच्या समजुतीप्रमाणे दोन एकर जमीन फक्त गहाण होती. ५ वर्षांत पैसे फेडले की परत मिळणार. खाली नवऱ्याची ‘निशाणी अंगठा’. लिहिणारा सावकारानं आणलेला, वाचून दाखवणारा तोच, साक्षीदारही त्याच्याच ओळखीचे. पण सातबाऱ्यावर पुढची ६ वर्षं पीकपाणी आजींच्या नवऱ्याच्याच नावे होतं, आणि दरवर्षी काही रक्कम दिल्याच्या पावत्याही होत्या. विकलेल्या जमिनीचा हप्ता कुणी भरतं का? त्या प्रकरणापासून मी कुठलाही जुना कागद हाती घेतला की बघते: मसुदा कुणी लिहिला, तो कुणी आणि कोणत्या शब्दांत वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पक्ष कसे वागले. वाइतांगीचा तह मी असाच वाचला.

१८४० साली न्यूझीलंडमध्ये माओरींची संख्या ८० हजारांच्या आसपास होती आणि युरोपीय लोक जेमतेम २ हजार. म्हणजे हा जिंकणाऱ्यानं हरलेल्याशी केलेला तह नव्हता. लढाई झालीच नव्हती. किनाऱ्यावरची व्हेल मारणाऱ्यांची वस्ती, पळून आलेले खलाशी, जमिनीचे दलाल यांना आवर घालणारं कुणी नव्हतं, आणि माओरी सरदारांचीच तक्रार होती की इंग्लंडच्या राजानं आपल्या माणसांना सांभाळावं. शिवाय लंडनमध्ये न्यूझीलंड कंपनी स्थापन झाली होती आणि तिचं वसाहतवाल्यांचं जहाज २२ जानेवारी १८४० ला आजच्या वेलिंग्टनच्या खाडीत येऊनही ठेपलं होतं. ब्रिटिश सरकारला घाई झाली ती यामुळे. वसाहत खात्याचे मंत्री लॉर्ड नॉर्मनबी यांनी ऑगस्ट १८३९ मध्ये, तिथे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून जाणाऱ्या कॅप्टन विल्यम हॉब्सन यांना लेखी सूचना दिल्या: माओरींचं सार्वभौमत्व आम्ही मान्य केलेलं आहे, तेव्हा त्यांची मोकळी आणि समजून दिलेली संमती घेतल्याशिवाय काही करायचं नाही. ‘समजून दिलेली’ हा शब्द लक्षात ठेवा. ही अट माओरींनी नंतर शोधून काढलेली नाही, ती ब्रिटिशांनी स्वतःवर घालून घेतली होती.

हॉब्सन २९ जानेवारीला उत्तरेच्या बे ऑफ आयलंड्समध्ये उतरले. ब्रिटिश प्रतिनिधी जेम्स बझबी यांच्या मदतीनं काही दिवसांत इंग्रजी मसुदा उभा राहिला. ४ फेब्रुवारीला संध्याकाळी तो मिशनरी हेन्री विल्यम्स यांच्या हाती आला आणि त्यांनी व त्यांच्या मुलानं, एडवर्डनं, एका रात्रीत तो माओरीत उतरवला. ५ तारखेला सकाळी वाइतांगीला, बझबींच्या घरासमोरच्या हिरवळीवर तो वाचून दाखवला गेला.

एका रात्रीत! तीन कलमांचा मजकूर मोठा नाही, हे खरं. पण एका समाजाची राज्यकल्पना दुसऱ्या समाजाच्या भाषेत बसवायला एक रात्र, आणि तपासायला दुसरा भाषांतरकार नाही. साध्या वाटणीपत्रालाही मी याहून जास्त वेळ घेते.

आता शब्दांकडे येते, कारण सगळं इथेच आहे.

इंग्रजी पहिल्या कलमात सरदार इंग्लंडच्या राणीला, व्हिक्टोरियाला, सार्वभौमत्वाचे सगळे हक्क आणि अधिकार देऊन टाकतात. माओरी मजकुरात त्या जागी शब्द आहे ‘कावानातांगा’. ‘कावाना’ म्हणजे इंग्रजी ‘गव्हर्नर’चंच माओरी रूप, ‘तांगा’ हा आपल्या ‘-की’, ‘-पण’सारखा प्रत्यय. सरदारांना हा शब्द दोन ठिकाणांहून माहीत होता. सिडनीला जाऊन आलेल्यांनी तिथला गव्हर्नर पाहिला होता. आणि १८३७ मध्ये पैहिया इथल्या मिशनच्या छापखान्यात माओरी नवा करार छापून निघाला होता, त्यात येशूला शिक्षा देणारा रोमन अधिकारी पंतय पिलात हा ‘कावाना’ आहे. आता मराठी बायबल उघडा. तिथे पिलात ‘सुभेदार’ आहे. म्हणजे हे कलम मराठीत, त्याच पायरीवरून उतरवायचं तर ‘सुभेदारी’ असं उतरेल. सुभेदार कोण असतो ते आपल्याला सांगावं लागत नाही: वरच्या कुणाच्या तरी वतीनं कारभार पाहणारा, आपल्या माणसांना शिस्तीत ठेवणारा अधिकारी.

दुसऱ्या कलमात इंग्रजी मजकूर माओरींना जमिनी, जंगलं, मासेमारीची ठिकाणं यांचा निर्वेध ताबा देतो. ताबा, म्हणजे मालकी हक्काची गोष्ट. माओरी मजकुरात मात्र जमिनी, वस्त्या आणि सगळ्या ‘ताओंगा’ (म्हणजे ठेवा) यांच्यावर ‘तिनो रांगातिरातांगा’ कायम राहील असं म्हटलं आहे. ‘रांगातिरा’ म्हणजे सरदार, ‘तिनो’ म्हणजे पूर्ण, अस्सल. तेव्हा ‘रांगातिरातांगा’ म्हणजे सरदारपण, धनीपण, मुखत्यारी. पण हा शब्दही सरदारांनी बायबलमध्ये ऐकलेला होता. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत ‘तुझे राज्य येवो’ अशी ओळ आहे. माओरी प्रार्थनेत त्या ‘राज्या’साठी हाच शब्द आहे: रांगातिरातांगा.

हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. त्या हिरवळीवर बसलेल्या माणसाला ऐकू आलं ते असं: राणीला सुभेदारी द्या, आणि तुमच्या जमिनी, तुमची गावं, तुमचा सगळा ठेवा यांवरचं राज्य तुमचंच. असा सौदा कोण नाकारेल?

विल्यम्सनी हे मुद्दाम केलं का? इथे मी खात्रीनं बोलणार नाही. जाणकारांतही एकमत नाही. ‘सार्वभौमत्व’ या कल्पनेला माओरीत एक तयार शब्द नव्हता, हे त्यांच्या बाजूनं म्हणता येतं. पण ५ वर्षं आधीचा एक कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. २८ ऑक्टोबर १८३५ ला उत्तरेतल्या ३४ सरदारांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ‘हे फाकापुतांगा’. मसुदा बझबींचा, माओरीकरण विल्यम्सचं. त्यात राज्यसत्तेसाठी ‘किंगितांगा’ आणि ‘माना’ हे शब्द वापरले आहेत, आणि ‘स्वतंत्र’ म्हणायला ‘रांगातिरातांगा’. म्हणजे भाषांतरकाराच्या हाताशी १८३५ मध्ये असलेला शब्द १८४० मध्ये नाहीसा झाला. ‘तुमचा माना आम्हाला द्या’ असं त्या कागदावर लिहिलं असतं तर एकही सही मिळाली नसती, असं माझं मत आहे, आणि विल्यम्सना ते कळत नसेल असं मला वाटत नाही. ‘माना’ म्हणजे नुसती सत्ता नव्हे. पूर्वजांकडून आलेलं तेज, पत, अधिकार असं सगळं त्यात आहे. ते कुणी सहीनं देत नाही.

तिसरा फरक छोटा दिसतो, पण पैशाचं मोठं नुकसान त्यातून झालं. दुसऱ्याच कलमाच्या शेवटी इंग्रजी मजकूर सांगतो की जमीन विकायची झाल्यास ती घेण्याचा पहिला आणि एकमेव हक्क राणीचा. माओरीत ‘होकोंगा’, म्हणजे खरेदी-विक्री, एवढंच आहे. राणीला विकू, असं मान्य केलं; पण राणी सोडून दुसऱ्या कुणाला विकताच येणार नाही, आणि राणी ठरवेल तोच भाव राहील, हे त्या शब्दातून कळत नाही. तिसऱ्या कलमात मात्र दोन्ही मजकूर बरेच जवळ आहेत: माओरींना ब्रिटिश प्रजाजनांचे सगळे हक्क.

तरीही एकाच बाजूचं सांगून थांबणं मला पटत नाही. ५ फेब्रुवारीच्या चर्चेत सगळे भोळेपणानं माना डोलावत नव्हते. ‘ते केमारा’ नावाचे सरदार उभे राहिले आणि म्हणाले की गव्हर्नर आणि मी बरोबरीचे राहणार असू तर ठीक, पण तो वर आणि मी खाली, तर नको. रेवा आणि इतर काही जणांनीही हॉब्सनना परत जा म्हणून सांगितलं. याचा अर्थ उतरंड येऊ शकते हे त्यांना दिसत होतं. तामाती वाका नेने यांनी सभेचा कल फिरवला. त्यांनी गव्हर्नरला राहायला सांगितलं, पण आम्हाला गुलाम होऊ देऊ नका, आमचे रीतिरिवाज राखा, जमिनी हिसकावू देऊ नका, या शब्दांसकट. दुसरी गोष्ट, अलीकडे काही अभ्यासकांनी असंही मांडलं आहे की १८४० च्या ब्रिटिशांच्या मनातलं सार्वभौमत्वसुद्धा मर्यादित होतं: युरोपीय लोकांवर कायदा चालावा आणि माओरींनी आपला कारभार आपल्या रीतीनं चालवावा. तसं असेल तर दोन मजकुरांतली दरी आपण समजतो तेवढी नव्हती, आणि खरी फसवणूक नंतरच्या पिढीनं केली. मला हे बरंचसं पटतं, पण पूर्ण नाही, ते १८३५ च्या त्या शब्दामुळे.

६ फेब्रुवारीला सह्यांना सुरुवात झाली तेव्हा मिशनचेच मुद्रक विल्यम कोलेन्सो मध्ये उठले आणि हॉब्सनना विचारलं की या लोकांना कलमं समजली आहेत असं तुम्हाला वाटतं का. हॉब्सन म्हणाले, मी माझ्याकडून होईल ते सगळं केलं आहे. होने हेके यांनी पहिली सही केली. प्रत्येक सहीनंतर हॉब्सन शिकवलेलं माओरी वाक्य म्हणत, ‘हे इवी ताही तातोउ’, आता आपण एक झालो. त्या दिवशी ४० हून थोड्या जास्त सह्या झाल्या आणि प्रत्येकाला दोन ब्लँकेटं आणि तंबाखू मिळाला.

हा कागद वेलिंग्टनला मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मंद उजेडाची खोली, काचेखाली ९ पत्रकं. काहींच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या, कारण १९०८ पर्यंत ती सरकारी इमारतीच्या तळघरात पडून होती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मजकुरापेक्षा सह्यांपाशी जास्त वेळ उभी राहिले. कित्येक सरदारांनी नावाऐवजी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाचा, ‘मोको’चा, एक तुकडा काढला आहे. आपल्या जुन्या कागदांवर कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असते, तसं. कुळाची ओळख, म्हणजे आपल्याजवळची सर्वांत पक्की गोष्ट, त्यांनी त्या कागदावर ठेवली. किमान १३ सह्या बायकांच्या आहेत.

दुसऱ्या दिवसापासून कोण कसं वागलं, हा माझ्या पद्धतीतला शेवटचा भाग. सह्या गोळा करणं चालूच होतं, पत्रकं दक्षिणेकडे फिरत होती, आणि २१ मे १८४० ला हॉब्सननी सगळ्या देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकलं: उत्तर बेटावर तहाच्या आधारे, दक्षिण बेटावर ‘शोधा’च्या आधारे. वायकाटोचे सरदार ‘ते फेरोफेरो’, तूफारेतोआ जमातीचे ‘मानानुई ते हेउहेउ’ यांनी सही नाकारली होती. त्यांच्या प्रदेशालाही ही घोषणा लागू झाली. सही न करणाऱ्यालाही तह लागू, तर सही घेतलीच कशाला?

माओरी बाजूनं एप्रिल १८४० मध्ये कैतैया इथे नोपेरा पानाकारेआओ म्हणाले होते की जमिनीची सावली राणीकडे जाईल, जमीन आपल्याकडे राहील. वर्षभरात त्यांनी हे वाक्य उलटं केलं: जमीन गेली, सावली राहिली. होने हेके, पहिली सही करणारे, यांनी १८४४-४५ मध्ये कोरोरारेकाच्या टेकडीवरचा ब्रिटिश झेंड्याचा खांब चार वेळा तोडला. याला कुणी बंडखोरी म्हणतं. मी त्याला करार मोडल्याची नोटीस म्हणते. एका पक्षानं कराराचा जो अर्थ घेतला होता तो दुसरा पाळत नाही, हे सांगण्याचा त्यांच्या हाती असलेला तो मार्ग होता.

जमिनीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, नाहीतर उत्तराचं पुस्तक होईल. दक्षिण बेटावर नाई ताहू या इवीकडून, म्हणजे जमातीकडून, १८४४ ते १८६४ या २० वर्षांत १० मोठ्या व्यवहारांत सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन सरकारनं घेतली. सगळ्याचे मिळून १४,७५० पौंड. राखीव जमिनी, शाळा, दवाखाने देण्याची आश्वासनं हवेत विरली. १८४९ मध्येच मातियाहा तिरामोरेहू यांनी तक्रारीचं पत्र लिहिलं. तो दावा मिटला १९९८ मध्ये! उत्तरेत तारानाकीमध्ये १८६० मध्ये एका वादग्रस्त खरेदीवरून युद्ध पेटलं, १८६३ च्या कायद्यानं ‘बंडखोरां’च्या जमिनी जप्त करायची सोय झाली आणि वायकाटोत १२ लाख एकर गेली. लढाईत न उतरलेल्यांचीही गेली. त्याच दशकात जमीन न्यायालय आलं; सामूहिक जमिनीवर जास्तीत जास्त १० जणांची नावं लावायची आणि त्यांना वैयक्तिक मालक ठरवायचं, म्हणजे एकेकाला गाठून विकत घेता येते. भाऊबंदकीच्या जमिनीचं काम केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल.

१८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी वी पाराता खटल्यात तहाला निव्वळ शून्यवत ठरवलं. रानटी लोकांना तह करण्याची पात्रताच नव्हती, असा त्यांचा तर्क. म्हणजे जमीन घेताना सही पक्की, आणि हक्क मागताना सही करणारा अपात्र. हा निकाल जवळजवळ १०० वर्षं मानगुटीवर बसून राहिला. १९४१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानंही सांगितलं की संसदेनं कायद्यात आणल्याशिवाय तह कोर्टात बजावता येत नाही. ही स्थिती तत्त्वतः आजही तशीच आहे, आणि मुलीला हे नक्की सांगा, कारण तह म्हणजे इथली राज्यघटना आहे असं बऱ्याच जणांना वाटतं.

बदल झाला तो रस्त्यावरून. १९७५ मध्ये फिना कूपर या ७९ वर्षांच्या बाई उत्तरेच्या टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत मोर्चा घेऊन चालत आल्या. त्याच वर्षी कायदा होऊन वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं, पण त्याला तह मोडल्याच्या फक्त पुढच्या तक्रारी ऐकायच्या होत्या. १८४० पर्यंत मागे जाण्याची मुभा १९८५ मध्ये मिळाली. कायद्यानं या न्यायाधिकरणाला दोन्ही मजकूर समोर ठेवायला सांगितलं आहे. दोन मजकूर जुळत नाहीत, म्हणून त्या दोन्हींतून निघणारी ‘तत्त्वं’ पाहायची, असा मार्ग काढला गेला. १९८७ मध्ये अपील न्यायालयानं हे नातं भागीदारीसारखं आहे, दोघांनी एकमेकांशी सचोटीनं वागायला हवं, असं म्हटलं. २०१४ मध्ये न्यायाधिकरणानं स्वच्छ लिहिलं की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटणारा निकाल भाषेचा आहे. दुसऱ्या कलमातला ‘ताओंगा’ म्हणजे ठेवा. जमीन ठेवा, नदी ठेवा, तर भाषा का नाही? १९८६ मध्ये न्यायाधिकरणानं माओरी भाषेला ताओंगा मानलं आणि १९८७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेली माणसं तेव्हा हयात होती. भाषांतरात जो शब्द मोठा, सैल, अनेक अर्थांचा ठेवला गेला, त्याच शब्दानं १४६ वर्षांनी भाषेला आधार दिला.

इथवरचं जुळवून सांगते. मसुदा एका पक्षाचा, भाषांतर त्याच पक्षाच्या माणसाचं, आणि दोन मजकूर मुख्य मुद्द्यावरच वेगळे. अशा वेळी आपल्याकडच्या वकिलालाही पाठ असलेला नियम आहे की संदिग्धतेचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तर १८९९ मध्येच म्हटलं की मूलनिवासींशी झालेले तह वकिली अर्थानं न वाचता, त्या लोकांना ते स्वाभाविकपणे जसे समजले असतील तसे वाचावेत. त्या कसोटीवर वाइतांगीचा माओरी मजकूर हाच तह आहे आणि इंग्रजी मजकूर त्याचा मसुदा.

आपल्या इतिहासाशी तुलना करायचा मोह तुम्हाला होईल. वसईचा तह घ्या, ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावांनी केलेला तो तह दुर्दैवी होता, पण पेशव्यांकडे स्वतःचं दफ्तर होतं, कारकून होते, पिढ्यान्‌पिढ्या तह लिहिण्या-वाचण्याचा सराव होता. काय जातं आहे ते त्यांना कळत होतं. वाइतांगीशी जवळचं उदाहरण तुम्हा नाशिककरांच्या शेजारी आहे, सुरगाण्याच्या पलीकडे, डांगमध्ये. १८४० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथल्या भिल्ल राजांशी जंगलाचे पट्टे, म्हणजे भाडेकरार, केले, सागवानासाठी. देणाऱ्यांच्या लेखी तो लाकूड तोडू देण्याचा मोबदला. पुढे तेच जंगल सरकारी राखीव जंगल होत गेलं. डांगमधल्या आहव्याला दरवर्षी होळीच्या सुमारास डांग दरबार भरतो आणि त्या घराण्यांच्या वारसांना आजही सालियाना दिला जातो. डांग १९६० मध्ये गुजरातेत गेला, पण तो शब्दांचा घोळ दोन्ही राज्यांच्या आधीचा आहे. एकदा जाऊन या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या लोकांचा संबंध काय. २०२४ मध्ये संसदेत एक विधेयक आलं, तहाची तत्त्वं कायद्यानं नव्यानं ठरवणारं. समर्थक म्हणत होते की सगळे नागरिक समान, आणि त्यात आपल्यासारख्या स्थलांतरितांचाही दाखला दिला जात होता: भारतातून, चीनमधून आलेल्यांनी १८४० चं ओझं का वाहावं? त्या नोव्हेंबरमध्ये विधेयकाविरुद्ध संसदेवर आलेल्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजानं ४२ हजार लोक होते. मीही होते. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं.

मी मोर्चात गेले त्यामागचा माझा विचार साधा होता. इथे कुणाला येऊ द्यायचं हे ठरवणारं सरकार मला ज्या अधिकारात व्हिसा देतं, त्या अधिकाराचं मूळ पहिल्या कलमातल्या ‘कावानातांगा’त आहे. सरदारांनी गव्हर्नरला आणि त्याच्या माणसांना जागा दिली, त्या रांगेत मी १६० हून जास्त वर्षांनी येऊन उभी राहिले. इथे आमच्यासारख्यांना ‘तांगाता तिरिती’ म्हणतात, तहामुळे इथले झालेले लोक. मग पहिल्या कलमाचा फायदा घेऊन दुसऱ्या कलमाशी माझा काही संबंध नाही असं मला म्हणता येत नाही. इथल्या सगळ्याच मराठी लोकांना हे पटतं असं नाही. आमच्या गणपतीच्या मंडपात यावर दोन तास वाद झालेला आहे.

मुलीला अभ्यासासाठी एक सुचवते. इंग्रजी मजकूर बाजूला ठेवून आधी माओरी मजकूर तिनं मोठ्यानं वाचावा. लिपी रोमन असली तरी स्वर आपल्या अ, इ, उ, ए, ओ सारखेच आहेत, मराठी जिभेला ते सहज येतात. मग प्रभूची प्रार्थना माओरीत वाचावी आणि ‘रांगातिरातांगा’ कुठे येतं ते शोधावं. वेलिंग्टनला आली तर मला कळवा, ग्रंथालयात मी तिच्याबरोबर जाईन. तिथे गेल्यावर तिनं आधी सह्या पाहाव्यात, मजकूर नंतर.